काम संपल्यावरही डोक्यात तेच घोळतं: झोप, बीपी आणि त्यावर नेमकं काय करायचं?

शिफ्ट_साडेबारा (प्रश्न)

हिंजवडीतल्या चौदा जणांच्या सपोर्ट टीमसाठी विचारतो आहे. शिफ्ट दुपारी १२:३० ते रात्री ९:३०, क्लायंट न्यूयॉर्कचा. शनिवार-रविवार सुट्टी, ऑन-कॉल (शिफ्टबाहेरही तातडीच्या फोनला तयार राहणं) आळीपाळीने एकेक आठवडा. म्हणजे कागदावर तास काही भयंकर नाहीत. तरी तक्रारी त्याच त्याच: अंथरुणावर पडल्यावर तासभर कॉलमधली वाक्यं डोक्यात, पहाटे चारला जाग आणि पहिला विचार तिकिटाचा (क्लायंटने नोंदवलेल्या तक्रारीचा), उठल्यावर अंग जड. वार्षिक तपासणीत पस्तिशीच्या आतल्या काहींचं बीपी काठावर आलं आहे.

१) नुसत्या विचारांनी शरीराला खरंच अपाय होतो, की उशिरा जेवण, चहा आणि मोबाइलचं खापर आपण विचारांवर फोडतोय?
२) हे मोजता येतं का? "लोक टेन्शनमध्ये आहेत" एवढं सांगून एचआरकडे काही हलत नाही.
३) "ऑफिस ऑफिसातच ठेवा" याच्या पलीकडचा उपाय हवा. योगाचं सत्र झालं, डेस्कवर ठेवायच्या कुंड्याही वाटून झाल्या.

पाळी_आणि_प्रकृती

अपाय होतो. आणि चहा, जेवण, मोबाइल हे सगळं त्याच साखळीतलं आहे, वेगळं काढता येत नाही.

मराठीत याला नेमका शब्द आहे: रवंथ. गाय चरून गोठ्यात आली तरी तोंड चालूच. फरक इतकाच की गाईला त्यातून काहीतरी मिळतं.

ब्रॉसशॉट, गेरिन आणि थेअर या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली कल्पना इथे चपखल बसते. ताणाचा प्रसंग दहा मिनिटांचा असतो. त्याआधीची धास्ती आणि नंतरची उजळणी मात्र तासन्‌तास चालते, आणि तेवढा सगळा वेळ शरीर कमरेला पदर खोचून उभं असतं. क्लायंट समोर ओरडतोय की रात्री अकराला आठवणीत ओरडतोय, नाडी दोन्हीकडे चढते. एका संध्याकाळी काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने शरीराला खाली उतरायची उसंत मिळाली नाही की बिघडतं.

सगळ्यात आधी झोप जाते, म्हणून ती धरून बोलू. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्के उतरतं. ज्यांचं उतरत नाही त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, आणि तुटक, अपुरी झोप हे न उतरण्याचं एक कारण आहे. अर्धवट झोपेनंतर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड-तळलेल्याकडे हात जातो, चहाचे कप वाढतात. कॅफिन अर्धं व्हायलाच सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी साडेसातचा कडक चहा रात्री साडेबारालाही निम्मा रक्तात असतो. मग झोप लांबते, आणि जागं पडल्यावर विचारांना मोकळं रान. खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते तुम्हीच ठरवा.

एक सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अंदाज सगळीकडे फिरतो: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. हा आकडा कामाच्या तासांचा आहे, विचारांचा नाही. एचआरच्या स्लाइडवर टाकताना गल्लत करू नका. समोर एखादा जाणकार बसला असेल तर विषय तिथेच हातचा जाईल.

काठावरच्या बीपीवाल्यांनी तपासणी शिबिरातला एकच आकडा धरून बसू नये. घरी दंडाचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाठ टेकून, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी आणि रात्री, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे. मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, सिगारेट, जिना नको. आणि हो, मोजताना दुसऱ्या हातात ऑफिसचा ग्रुप उघडून बसलात तर आकडा ग्रुपचा येईल.

मोजपट्टी

दुसऱ्या प्रश्नावर. मोजता येतं, पण आधी हे पक्कं करा की घरी गेल्यावर कामाचा विचार करणं सरसकट वाईट नाही. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाचे मार्क क्रॉप्ली यांनी याचे तीन भाग पाडले:

भावनिक रवंथ: "सगळ्यांसमोर असं बोलायची काय गरज होती?" चीड, लाज, धास्ती. शेवट नसलेलं उगाळणं.
उपाय शोधणारा विचार: "उद्या आधी डेटाबेसचा लॉग (नोंदी) बघू, मग नेटवर्क." यात राग नसतो, आणि विचार कुठेतरी जाऊन थांबतो.
सुटका: दार ओढलं की काम मागे.

झोप आणि थकव्याशी घट्ट नातं पहिल्याचं आहे. रात्री अरबट-चरबट खाण्याशीही. दुसऱ्याबद्दल निष्कर्ष मिश्र आहेत. कित्येकांना त्यात मजा येते, आणि ती हिरावून घ्यायचं कारण नाही. त्यामुळे "घरी कामाचा विचार करता का, हो/नाही" असा सर्व्हे काढलात तर हाती काही लागणार नाही. आवडीने कोडं सोडवणारा आणि अपमान उगाळणारा दोघेही "हो" म्हणतील.

क्रॉप्लींची प्रश्नावली १५ वाक्यांची आहे, प्रत्येक भागाला पाच, उत्तरं १ ते ५. दुसरी झाबिने झोननटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांची २००७ ची, १६ वाक्यांची. ती उलट बाजूने विचारते की कामानंतर सावरायला काय काय मिळतं: मनाने कामापासून सुटणं, सैलावणं, नवीन काही शिकणं आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवू नका, दोघांकडून वेगवेगळं भाषांतर करून जुळवा.

पण तुमच्या चौदा जणांसाठी प्रश्नावलीपेक्षा झोपेची वही जास्त बोलेल. दोन आठवडे, रोज सकाळी उठल्यावर दोन मिनिटं, सहा रकाने: दिवा कधी मालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळा जाग, शेवटचा चहा किती वाजता, कामाचा शेवटचा मेसेज कधी पाहिला, आणि पडल्यावर डोक्यात काय होतं (भावनिक असेल तर "भ", उपाय शोधणारं असेल तर "उ", काहीच नसेल तर शून्य). रात्री भरायची नाही आणि रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाज पुरतो. मिनिटं मोजत पडलेला माणूस झोपत नसतो.

स्मार्टवॉचचे झोपेचे टप्पे पुरावा म्हणून जोडू नका. किती वाजता झोपला-उठला हे ते बऱ्यापैकी सांगतं; गाढ झोप किती, हा त्याचा अंदाज असतो.

तुलना माणसामाणसांत करू नका. एकाच माणसाचा ऑन-कॉलचा आठवडा आणि नसलेला आठवडा शेजारी ठेवा. एचआरला दाखवायला याच्याइतकं साधं दुसरं काही नाही. म्हणून प्रत्येकाचे वहीचे दोन आठवडे त्याच्या ऑन-कॉलच्या पाळीप्रमाणे धरा, आणि रिलीजचा (नवी आवृत्ती सोडण्याचा) आठवडा टाळा.

मन_मोकळं

तिसऱ्याचं उत्तर देते. उपचारांमध्ये वापरतो त्याच गोष्टी आहेत, ऑफिसच्या मापाच्या करून.

"विचार करू नका" हा सल्ला का चालत नाही ते आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं: औषध घेताना माकड आठवायचं नाही, आणि जन्मात कधी न आठवलेलं माकड नेमकं तेव्हाच पुढ्यात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलावर हाच प्रयोग केला. दडपलेला विचार उसळून येतो. म्हणून विचाराला हाकलायचं नाही, त्याला जागा आणि वेळ नेमून द्यायची.

निघण्याआधीची १५ मिनिटं. अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं. ते पूर्ण केलं तरच टोचणी जाते असं मात्र नाही. कधी, कुठे, कसं करणार हे ठरलं तरी मन बरंचसं सोडून देतं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांचे २०११ चे प्रयोग यावरच आहेत. तर वहीत, शक्यतो कागदावर:

– काय अर्धवट राहिलं (फक्त नावं, पाचाच्या वर नकोत)
– प्रत्येकापुढे पहिली हालचाल: क्रियापद, वेळ, माणूस. "पेमेंटचं तिकीट बघणे" चालणार नाही. "उद्या साडेबाराला आल्याबरोबर पेमेंट तिकिटाचे रात्रीचे लॉग काढणे, मग डेटाबेस सांभाळणाऱ्या टीमला फोन" चालेल.
– जे आपल्या हातात नाही त्यापुढे कोणाच्या हातात आहे त्याचं नाव
– लॅपटॉप बंद, वही ड्रॉवरमध्ये. घरून काम असेल तर लॅपटॉप पिशवीत घालून चेन ओढणे, पिशवी झोपायच्या खोलीबाहेर.

इथे हमखास चुकतं ते असं: यादी पंचवीस कलमांची होते, आणि मग ती यादीच उगाळायला एक नवीन विषय मिळतो. किंवा यादी फोनमध्ये करतात, आणि यादी बघायला फोन उघडला की ग्रुप दिसतो.

झोपण्याआधीची पाच मिनिटं, हवी त्यालाच. बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ तरुणांवर झोपेच्या प्रयोगशाळेत बघितलं गेलं: पुढच्या दिवसांची कामं पाच मिनिटं लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. नऊ मिनिटं थोडी वाटतात, पण पाच मिनिटांच्या पेन-कागदाकडून आणखी किती अपेक्षा करायची?

चिंतेची वेळ. भावनिक रवंथाला यादी पुरत नाही, कारण "ते असं का बोलले" याला पहिली हालचाल नसते. मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक यांची १९८३ पासूनची पद्धत: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत अर्धा तास फक्त चिंता. एरवी विचार आला की एका शब्दात टिपायचा आणि त्या वेळेवर ढकलायचा. तुमच्या टीमला ही वेळ सकाळी दहा-साडेदहाची ठेवावी लागेल. पलंगावर नको, झोपण्याच्या दोन तास आधीच्या काळात नको. खुर्चीत बसल्यावर "माझ्याच बाबतीत असं का?" हा प्रश्न आला की तो "पुढच्या कॉलला मी नेमकं काय म्हणेन?" असा फिरवायचा. "का" गोल फिरवतो, "कसं" पुढे नेतो. पहिला आठवडा विचार ऐकत नाहीत. दोन-तीन आठवडे धरून चाला.

अंथरुण फक्त झोपेसाठी. अंदाजे वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे मिटायला लागले की परत या. वन-रूम-किचनमध्ये दुसरी खोली नसते. खाली सतरंजी टाकून भिंतीला टेकून बसलात तरी चालेल, पलंग सोडणं महत्त्वाचं. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, सुट्टीलाही.

शिफ्ट_साडेबारा

सगळ्यांचे आभार, वही उद्यापासून सुरू करतो. दोन अडचणी. शेवटचा कॉलच ९ ते ९:३० असतो, त्यामुळे ती १५ मिनिटं कुठून आणायची? आणि ऑन-कॉलवाल्याला फोन बंद करता येत नाही.

रोटा_मास्तर

मग दुखणं सापडलं की. तुमचा दिवस सगळ्यात ताणाच्या अर्ध्या तासाने संपतो आणि लोक तसेच तापलेले घरी जातात. वर सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण कॉल जागेवर ठेवून वह्या वाटणं म्हणजे गळक्या नळाखाली बादल्या बदलत राहणं.

कॉल हलवा. तुमचे रात्रीचे ९ म्हणजे न्यूयॉर्कच्या उन्हाळी वेळेत सकाळचे ११:३०. त्यांच्या सकाळी १० ला मागा, तुमचे संध्याकाळी ७:३० होतात. क्लायंटला आरोग्याचं कारण देऊ नका, कामाचं द्या: "कॉलनंतर दीड तास आमची टीम जागेवर असेल, तुमच्या मुद्द्यांवर त्याच दिवशी काम सुरू होईल." हे नाकारणारा क्लायंट विरळा. शेवटची १५ मिनिटं शिफ्टच्या आतच धरा आणि कॅलेंडरवर अडवा. ९:३० नंतर वही लिहायला लावणं म्हणजे ओव्हरटाइमच.

ऑन-कॉल. इथे त्रास फोन वाजण्याचा कमी आणि वाजेल या धास्तीचा जास्त असतो. कामानंतरच्या ईमेलवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात हेच दिसलं: उत्तर द्यावं लागेल ही अपेक्षाच पुरते, आणि घरच्या जोडीदारालाही तिची झळ लागते. म्हणून:

– रात्री वाजायचा मार्ग एकच: फोन कॉल, ठरलेल्या एका नंबरवरून. त्याला वेगळी रिंगटोन, बाकी सगळं "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं तातडीचं नाही, हे लेखी.
– रात्री उठवायचं कशासाठी, याची यादी अर्ध्या पानात. पहिल्या दर्जाचंच, म्हणजे सगळ्यात गंभीर बिघाडाचं तिकीट. "जरा बघून ठेव" साठी नाही.
– प्राथमिक आणि राखीव अशी दोन माणसं. १५ मिनिटांत उचलला नाही तर फोन आपोआप राखीवकडे. यामुळे प्राथमिकवाला बाथरूमला तरी निवांत जातो.
– रात्री अर्ध्या तासापेक्षा जास्त काम झालं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा, न मागता.
– हँडओव्हर (पुढच्या माणसाकडे काम सोपवणं) तोंडी नको. चार ओळी: काय उघडं, आतापर्यंत काय केलं, काय करून बघू नये, कोणाला विचारायचं. तिसरी ओळ लोक गाळतात, आणि मग रात्री दोनला घरी पडलेल्याला आठवतं की "सर्व्हर रीस्टार्ट करू नको" हे सांगायचं राहिलं.

आणि लीडचे रात्री अकराचे मेसेज. "सकाळी बघितलंस तरी चालेल" असं खाली लिहिल्याने काही होत नाही, वाचलेलं वाचलं जातंच. शेड्यूल करून दुपारी १२:३५ ला पाठवा. सगळ्यात जास्त हा एक नियम मोडला जातो, आणि बहुतेक वेळा नियम करणाऱ्याकडूनच.

कायद्याचं विचाराल तर फ्रान्समध्ये कामानंतर संपर्क तोडण्याच्या हक्काची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत यावर खासगी विधेयक मांडलं होतं, पण खासगी विधेयकं सहसा मांडण्यापुरतीच राहतात. तोवर टीमचा स्वतःचा लेखी नियम हाच कायदा.

मन_मोकळं

@रोटा_मास्तर, कॉल हलवणं पहिलं, मान्य. पण बादल्यांवर थोडी हरकत. रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) उत्तम असूनही उगाळणारी माणसं असतातच. प्रत्येक चूक अंगाला लावून घेणारी, किंवा कॉलमध्ये सर्वांसमोर बोलणी खाल्लेली. अशा कॉलनंतर लीडने त्याच दिवशी दोन मिनिटं बाजूला घेऊन "काय चुकलं, काय नाही, उद्या काय करायचं" एवढं स्पष्ट सांगितलं तर रात्रीचं निम्मं रवंथ तिथेच थांबतं. न बोललेल्याचा अर्थ मन रात्रभर लावत बसतं.

घरून काम करणाऱ्यांना एक तोटा असतो: मधला रस्ता नसतो. शिफ्ट संपली की कपडे बदलून सोसायटीभोवती १५ मिनिटं चक्कर, फोन घरी. दुचाकीने जाणाऱ्यांना उलटा इशारा: कॉल संपल्या संपल्या गाडीला किक मारू नका. डोक्यात भांडण चालू असताना वाकड पुलाखाली लक्ष रस्त्यावर नसतं.

पाळी_आणि_प्रकृती

हे सगळं करूनही कोणाला पुढे पाठवायचं ते सांगतो. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोपेची तक्रार, तीन महिने, आणि दिवसा त्याचा त्रास: हा जुनाट निद्रानाश. यावर पहिला उपचार गोळी नव्हे, निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत आहे, साधारण सहा ते आठ बैठका. चिंतेसाठी जीएडी-७ आणि उदासीसाठी पीएचक्यू-९ या छोट्या प्रश्नावल्यांत १० किंवा वर गुण आले तर तज्ज्ञांना दाखवा. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे; तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर बेरीज न बघता त्याच दिवशी बोला. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. या दोन प्रश्नावल्या ऑफिसात गोळा करू नका, ज्याच्या त्याच्याकडे राहू द्या.

ओळखीच्या केमिस्टकडून अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी, झोपेसाठी) आणून घेणारे प्रत्येक टीममध्ये एक-दोन निघतात. झोप लागते, काही आठवड्यांत सवयही लागते, आणि अचानक बंद केल्यावर झोप पहिल्यापेक्षा वाईट होते. चालू असेल तर स्वतः तोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. दारूने डोळा लागतो पण उत्तररात्री जाग येते. तुमची ती पहाटे चारची जाग काहींच्या बाबतीत तिथलीच असू शकते. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, घाम असेल तर वय तीस असलं तरी "टेन्शन असेल" म्हणून झोपू नका, आधी ईसीजी.

मोजपट्टी

एक राहिलं. चौदा जणांत निनावी फॉर्म निनावी राहत नाही. वय, पद, ऑन-कॉलचा आठवडा यातले दोन रकाने जोडले की नाव कळतं. वह्या लोकांकडेच ठेवा. प्रत्येकाने घरी झोप लागायला लागलेल्या वेळाच्या दोन सरासऱ्या काढायच्या, ऑन-कॉल आणि बिगर ऑन-कॉल, आणि फक्त त्यातला फरक मिनिटांत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. एचआरला चौदा चिठ्ठ्यांचा मधला आकडा द्या, बस.

रोटा_मास्तर

आणि नवीन कॉलची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाने पक्की करू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, तुमचा ७:३० चा कॉल आपोआप ८:३० ला सरकतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिथेच राहतो. जुना ९ चा कॉल हिवाळ्यात १० ला होत असणार, म्हणजे शिफ्ट संपल्यावर. मागच्या वर्षीच्या तक्रारी महिन्याप्रमाणे लावून बघा.